गच्चीवरचा पाऊस जातो कुठे?

सोसायटीच्या वार्षिक सभेत पावसाचं पाणी जिरवण्याचा विषय निघाला की थोड्या वेळात कुणीतरी हमखास विचारतं, "खर्च आपण करायचा, गच्चीवरचं पाणी बोअरमध्ये सोडायचं, आणि उपसणार शेजारची सोसायटी, असं नाही ना होणार?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आप्पलपोटा ठरवून गप्प बसवलं जातं. खरं तर त्या सभेतला तोच सगळ्यात मोलाचा प्रश्न असतो. गच्चीवर पाणी किती पडतं, माणसं रोज किती वापरतात, जमिनीखाली खडक कोणता आहे आणि त्यात पाणी कसं सरकतं, हे सगळं पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. कंत्राटदाराने आणलेल्या छापील नकाशात यातलं काहीच नसतं. पुण्यातली एक साधी इमारत डोळ्यांसमोर ठेवून हा हिशोब क्रमाने मांडू.

१. मिलिमीटरचे लिटर कसे करायचे?

वर्तमानपत्रात 'काल २० मिलिमीटर पाऊस' असं छापून येतं. त्याचा अर्थ असा की पडलेलं पाणी वाहून गेलं नसतं, मुरलं नसतं, तर जमिनीवर सगळीकडे २० मिलिमीटर उंचीचा थर साचला असता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं गणित तोंडी होतं.

आपली इमारत चार मजली, १६ घरांची. प्रत्येक घरात सरासरी चार माणसं, म्हणजे ६४ रहिवासी. गच्ची ४०० चौरस मीटरची. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरू. तापलेली गच्ची थोडं पाणी पिते, थोडं उडून जातं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यावं लागतं. म्हणून शंभरातलं ऐंशीच हाती लागतं असं मानू. ४०० गुणिले ७०० गुणिले ०.८, म्हणजे २,२४,००० लिटर.

आकडा मोठा वाटतो. आता वापराकडे पाहू. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, असं पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण आहे. ६४ माणसांना रोज ८,६४० लिटर. भागाकार केला की कळतं, वर्षभराचा पाऊस या इमारतीला २६ दिवस पुरेल.

हेच गणित २२ मजली टॉवरसाठी करून पाहा. मजल्यावर चार घरं धरली तर घरं ८८ आणि माणसं ३५२. गच्ची मात्र ६०० चौरस मीटर. पाणी मिळतं ३,३६,००० लिटर, आणि रोज लागतं ४७,५२० लिटर. पुरतं सात दिवस. इमारत जसजशी उंच होत जाते तसतसा एकेका माणसाच्या वाट्याचा गच्चीचा तुकडा लहान होत जातो. मुंबईत पाऊस पुण्याच्या तिपटीहून अधिक असल्याने तिथे चार मजली इमारतीचं पाणी अडीच महिन्यांच्या पुढे जाईल. थोडक्यात, गच्चीवरच्या पाण्याने सोसायटी पाण्यात स्वयंपूर्ण होईल, असं कुणी सांगत असेल तर आधी हा भागाकार त्याच्याकडून करून घ्यावा.

म्हणजे हे पाणी वाहू द्यावं असं नाही. सव्वीस दिवसांचं पाणी थोडं नसतं; एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिलेल्यांना ते सांगायला नको. पण हे पाणी आहे तेवढंच आहे, हे धरून पुढचे निर्णय घ्यायला हवेत.

२. पावसाआधी फ्लशची टाकी

याच इमारतीतलं दुसरं गणित. जुन्या संडासांच्या फ्लशच्या टाक्या एका वेळी १० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडतात. नव्या टाक्यांना दोन बटणं असतात. छोटं दाबलं तर साधारण ३ लिटर जातं, मोठं दाबलं तर ६. आपण हात आखडता ठेवून हिशोब करू आणि प्रत्येक वेळी मोठंच बटण दाबलं जातं असं धरू. तरी दर वेळी ४ लिटर वाचतात. माणशी दिवसाला पाच वेळा, ६४ माणसं : रोज १,२८० लिटर. वर्षाला ४,६७,२०० लिटर.

गच्चीवर वर्षभरात पडणाऱ्या पाण्याच्या हे दुप्पट आहे. यासाठी खड्डा खणावा लागत नाही, परवानगी लागत नाही आणि पाऊस कमी पडला तरी बचत कमी होत नाही. तरीही सोसायट्या आधी बोअर पुनर्भरणाचं टेंडर काढतात आणि फ्लश तसेच राहतात. कारण उघड आहे. खड्डा सोसायटीच्या आवारात असतो, त्याचा फोटो काढता येतो. फ्लश प्रत्येकाच्या घरात असतो आणि तिथे कमिटीचं चालत नाही. माझ्या मते सोळा घरांच्या फ्लशच्या टाक्या सोसायटीने आपल्या खर्चाने बदलून दिल्या तरी हा व्यवहार फायद्याचा आहे.

गळतीचंही असंच. नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरच्या वर पाणी. थेंबाचा आवाज येतो म्हणून तो नळ दुरुस्त तरी होतो. फ्लशच्या टाकीतून भांड्यात झिरपणारं पाणी मात्र दिसतही नाही, ऐकूही येत नाही. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नये. भांड्यातलं पाणी रंगलं तर आतला वॉशर गेलेला आहे.

सगळ्या इमारतीची गळती मोजायलाही मीटर लागत नाही. रात्री एक वाजता पंप बंद ठेवून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची उंची काठीने मोजायची, पहाटे चारला पुन्हा मोजायची. टाकीचा तळ ३ मीटर बाय २ मीटर असेल आणि पातळी ५ सेंटिमीटर उतरली असेल, तर तीन तासांत ३०० लिटर गेले. त्या वेळी जवळजवळ सगळे झोपलेले असतात. एखाद-दुसरा फ्लश सोडला तर हे पाणी कुणी वापरलेलं नाही.

३. कान्हेरीची टाकी

मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, सुमारे हजार वर्षं वसती असलेला बौद्ध भिक्षूंचा विहार. म्हणजे एका अर्थी एकमेकांना लागून राहणाऱ्या माणसांची मोठी वसाहतच. लेणी चढून जाताना मूर्ती आणि स्तूपाकडे नजर जाते. पण थोडं थांबून दाराच्या बाजूला पाहिलं तर खडकात खोदलेलं टाकं दिसतं. एक-दोन ठिकाणी नाही, लेण्यामागून लेण्यापाशी. वरच्या कातळावर पन्हळी कोरल्या आहेत. उतारावरून येणारं पावसाचं पाणी त्या अडवतात आणि टाक्याकडे वळवतात. टाक्याचं तोंड लहान आणि पोट मोठं, त्यामुळे ऊन कमी लागतं आणि पाणी कमी उडतं. तिथल्या शिलालेखांत 'पोढी' म्हणजे टाकं दान दिल्याच्या नोंदी आहेत. दाता गुहेसाठी दान देताना पाण्याचीही सोय करून देत असे.

यातल्या दोन गोष्टी आजच्या सोसायटीने उचलाव्यात. एक म्हणजे पाणी जिथे पडतं आणि जिथे लागतं, त्याच्या जवळच साठवायचं. दुसरी म्हणजे राहायची जागा आणि पाण्याची जागा यांचा आराखडा एकत्रच करायचा. आपल्याकडे इमारत पूर्ण होत आल्यावर, भोगवटा प्रमाणपत्रासाठी लागतं म्हणून, कोपऱ्यात एक खड्डा खणला जातो. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामाला पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था सक्तीची आहे. नियम योग्यच आहे. पण खड्डा आहे की नाही हे तपासणं सोपं, आणि त्यात पाणी जिरतं की नाही हे तपासायला पावसात उभं राहावं लागतं.

४. लहान टाकी, पुन्हा पुन्हा भरणारी

साठवायचं म्हटलं की लोकांच्या मनात उन्हाळा येतो. सप्टेंबरचं पाणी मेपर्यंत ठेवायचं तर लाखो लिटरची टाकी हवी; तिला जागा कुठली आणि पैसे कुठले? म्हणून साठवणुकीचा विचार तिथेच सोडला जातो. ही घाई होते.

आपल्या इमारतीत फ्लश बदलले आहेत असं समजू. माणशी रोज ३० लिटर फ्लशला लागतात, म्हणजे इमारतीला १,९२० लिटर. पावसाळ्याच्या १२० दिवसांत २,३०,४०० लिटर. गच्चीवर वर्षभरात मिळणारं पाणी २,२४,०००. म्हणजे पावसाळ्यात नुसत्या संडासांनाच जवळपास तेवढं पाणी लागतं. ते उन्हाळ्यासाठी राखून ठेवायची गरजच नाही. पडेल तसं वापरत गेलं तर पावसाळ्यात बोअरला विश्रांती मिळते, आणि जे पाणी आपण उपसलं नाही ते जमिनीतच राहतं.

यासाठी १०,००० लिटरची टाकी खूप झाली. २० मिलिमीटरचा पाऊस झाला तर गच्चीवरून ६,४०० लिटर येतात, म्हणजे तीन दिवसांहून जास्त फ्लशचं पाणी. टाकी भरते, उपसली जाते, पुन्हा भरते. मोठी सर आली आणि टाकी ओसंडली तर ते वरचं पाणी जिरवण्याच्या खड्ड्याकडे जातं. आधी साठवण आणि मग पुनर्भरण, असा हा क्रम आहे.

अडचण नळकामाची आहे. फ्लशची लाइन वेगळी असेल तरच हे पाणी थेट तिथे नेता येतं. नव्या इमारतींत ती बऱ्याचदा असते, जुन्यांत नसते. जुन्या इमारतीत तेच पाणी जिने धुणं, गाड्या पुसणं, बाग आणि खालच्या मजल्यावरच्या सामायिक संडासासाठी वापरता येतं; पूर्ण नाही, पण बराच भाग खपतो. पिण्याच्या टाकीत ते थेट मिसळू नये. गच्चीवर कबुतरं असतात, सोलर हीटरच्या खाली धूळ साचलेली असते, कुठेतरी कुणाच्या कुंडीतली माती सांडलेली असते. मे महिनाभर साचलेलं हे सगळं पहिल्या पावसात पाइपातून उतरतं आणि ते पाणी चहासारखं तांबूस, कधी काळपट असतं. पहिला दोन मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या गच्चीचे ८०० लिटर, बाहेर सोडून देण्यासाठी पाइपला खाली एक फाटा आणि व्हॉल्व्ह हवा. पाणी स्वच्छ येऊ लागलं की व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पाणी गाळणीकडे वळवायचं.

५. पायाखालचा खडक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुण्याखाली, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली, काळा बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पुन्हा पुन्हा पसरला आणि थरावर थर चढत गेले. भाकऱ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक भाकरीचा वरचा पापुद्रा सुटा आणि पोकळ, खालची बाजू घट्ट. लाव्हाच्या थराचंही तसंच आहे. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून छिद्रं झाली आणि तो भाग लवकर झिजून मुरूम झाला. मधला आणि खालचा भाग काळा, भरीव दगड राहिला. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबडी माती दबून गेली आहे. पाणी राहतं ते मुरमात, छिद्रांच्या भागात, थरांच्या सांध्यात आणि भेगांत. भरीव काळ्या दगडात ते जवळजवळ नसतंच.

हे पाहायला भूशास्त्र शिकावं लागत नाही. जवळपास कुठे मोठ्या इमारतीचा पाया खणत असतील तर पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून त्या खड्ड्याच्या भिंतीकडे पाहा. वर माती आणि मुरूम, खाली काळा दगड, आणि त्यांच्या सांध्यावर एक ओली रेघ. तिथून पाणी पाझरत असतं. तळाशी पंप लावून ते दिवसरात्र गटारात सोडलेलं असतं. परिसराने पावसाळाभर जिरवलेलं पाणी तळघराच्या पार्किंगसाठी असं बाहेर काढलं जातं, आणि त्याचा हिशोब कुणीही मागत नाही.

या खडकाची साठवण थोडी असते. झिजलेल्या बेसॉल्टच्या शंभर लिटर खडकातून उपसता येण्यासारखं पाणी दोन-तीन लिटर मिळालं तरी बरं. भरड वाळूत ते वीस लिटरच्या आसपास असतं. चेन्नईच्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या भागात गच्चीचं पाणी जिरवल्यावर विहिरी भरल्या, ते याच कारणाने. तमिळनाडूने २००३ साली सगळ्या इमारतींना ही व्यवस्था सक्तीची केली. पण वाळूवर चाललेला आराखडा जसाच्या तसा काळ्या दगडावर चालत नाही.

आपले २,२४,००० लिटर म्हणजे २२४ घनमीटर. १,००० चौरस मीटरच्या भूखंडाखाली ते सगळे थांबले आणि खडकाची साठवण दोन टक्के धरली, तर पाण्याची पातळी ११ मीटर वर यायला हवी. प्रत्यक्षात पाऊस चालू असताना बोअरची पातळी झपाट्याने चढते आणि काही दिवसांत उतरते. पाणी सांध्यासांध्यांतून उताराकडे पसरतं, शेजारच्या विहिरीत जातं, पुढे ओढ्यात आणि नदीत झिरपतं.

६. बोअर पाणी घेतं का?

सहा इंची बोअरबद्दल एक मोठा गैरसमज आहे. तीनशे फूट खोल म्हटल्यावर लोकांना ती जमिनीतली प्रचंड टाकी वाटते. सहा इंची बोअरच्या एक मीटर लांबीत जेमतेम १८ लिटर मावतात. तीनशे फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर, काठोकाठ भरली तरी दीड हजार लिटरच्या थोडं वर. बोअर हा नुसता मार्ग आहे. पाणी भोवतालचा खडक घेतो. तो घेत नसेल तर सोडलेलं पाणी अर्ध्या तासात बोअरच्या तोंडातून बाहेर येतं.

म्हणून खर्च करण्याआधी चाचणी घ्यावी. पंप बंद ठेवून, वजन बांधलेली दोरी सोडून पातळी मोजायची. मग स्वच्छ पाण्याचा टँकर हळूहळू बोअरमध्ये रिकामा करायचा आणि दर दहा मिनिटांनी पातळी मोजत राहायचं. पातळी भराभर उतरली तर खडकात भेगा आहेत. तासन् तास हलली नाही तर ती बोअर पुनर्भरणाच्या कामाची नाही. बोअर मारताना किती फुटांवर मुरूम संपला, कुठे पाणी लागलं, केसिंग कुठपर्यंत घातलं, ही माहिती सेक्रेटरीच्या कपाटात असेल तर ती सोन्याच्या मोलाची. नसेल तर भूजलाची माहिती असलेल्या तज्ज्ञाला एकदा बोलवावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, किंवा पुण्यात अ‍ॅक्वाडॅमसारख्या संस्थेकडे, या खडकांचा अभ्यास आहे.

बोअर पाणी घेत नसेल तर मुरमापर्यंत खणलेला खड्डा चालतो. तळाशी मोठे गोटे, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. ड्रेनेजच्या चेंबरपासून आणि इमारतीच्या पायापासून तो लांब हवा. आवारात जुनी विहीर किंवा आड असेल तर त्याहून चांगलं काही नाही. विहीर रुंद असते, मुरमाच्या सगळ्या थरांना तिचा स्पर्श असतो आणि आत काय चाललं आहे ते डोळ्यांना दिसतं. पुण्यातल्या कितीतरी वाड्यांचे आणि बंगल्यांचे आड इमारती उभ्या राहताना राडारोड्याने बुजवले गेले. ज्यांचा आड अजून शाबूत आहे त्यांनी तो कोणत्याही परिस्थितीत बुजवू देऊ नये.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. पार्किंगचं किंवा रस्त्यावरचं पाणी थेट बोअरमध्ये सोडू नये. त्यात तेल असतं, बागेतलं कीटकनाशक असतं, कुठेतरी फुटलेल्या ड्रेनेजचं पाणी असतं. जमिनीवर ते वाहिलं तर माती त्यातलं बरंच काही अडवते. बोअरमधून ते थेट खडकाच्या भेगेत जातं आणि भेगेत गाळणी नसते. भूजल एकदा नासलं की ते वर्षानुवर्षं साफ होत नाही, आणि ते पाणी पिणारे कुठे राहतात हेही आपल्याला ठाऊक नसतं.

७. मग पाणी कुणाचं?

बोअरमध्ये किंवा खड्ड्यात जिरवलेलं पाणी काही प्रमाणात आपल्याला मिळेल, काही शेजाऱ्याला मिळेल, काही नदीला. त्यातला आपला वाटा किती, हे खडकाच्या भेगा ठरवतात. त्याच भेगांतून शेजाऱ्याने जिरवलेलं पाणी आपल्या बोअरमध्ये येत असतं, आणि आपण आणखी दोनशे फूट खोल गेलो की त्याचं पाणी आपण ओढत असतो. म्हणून पुनर्भरणाचं काम एका सोसायटीने करण्यापेक्षा एका गल्लीने, एका ओढ्याच्या काठच्या सगळ्या इमारतींनी मिळून करावं. सभेत तो प्रश्न विचारणाऱ्या सभासदालाच शेजारच्या कमिटीशी बोलायला पाठवावं. बोअर किती वेळ चालवायची, किती खोल जायचं, यावरही त्यांच्यात बोलणं व्हायला हवं, कारण नुसतं जिरवण्याने उपशाची बरोबरी होत नाही. टाकीत साठवून पावसाळ्यातच वापरलेलं पाणी मात्र निर्विवाद आपलं असतं.

८. मे महिन्यातली कामं

व्यवस्था बंद पडते ती बहुधा देखभालीअभावी. पुणे महापालिका अशी व्यवस्था असलेल्यांना मालमत्ता करात सवलत देते. पण व्यवस्था बसवून ती बंद ठेवणारेही पुष्कळ. मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्ची झाडून घ्यावी, पाइपांच्या तोंडावरच्या जाळ्या काढून धुवाव्यात, गाळणीतली वरची वाळू उपसून धुऊन पुन्हा भरावी. वाळूवर राखाडी चिखलाचा बोटभर थर बसलेला असेल तर मागच्या वर्षीचं निम्मं पाणी जिरलंच नसेल, असं समजावं. पहिल्या पावसाचा व्हॉल्व्ह कुणी उघडायचा आणि कुणी बंद करायचा हे वॉचमनला दाखवून द्यावं, आणि त्याची ड्यूटी बदलली तर नव्यालाही. कमिटी बदलते तेव्हा बँकेच्या पासबुकाबरोबर बोअरच्या पातळीची वहीही पुढच्या सेक्रेटरीच्या हातात द्यावी. महिन्यातून एकदा पातळी, दर पावसाला टाकीतलं पाणी आणि रात्रीच्या गळतीचा आकडा, एवढ्या तीन नोंदी त्या वहीत पुरतात.